विंधलेल्या गुंजा

कल्याणात पारनाक्याजवळ सहदेव सोनाराचं घर होतं. पुढे दुकान, मधे माजघर, मागे परसू आणि परसात भाड्याने दिलेल्या दोन खोल्या. सांगतो ती हकिगत १८८१ सालची आहे. सहदेवची बायको रंगूबाई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिची मुलगी कलावती पाच वर्षांची. मला हे सगळं कळलं ते कलावतीबाईंकडूनच, त्यांची सत्तरी उलटल्यावर. त्यांनी आपल्या आईला कुठे झाकलं नाही की कुठे उजळवलं नाही. मीही तसंच सांगायचा प्रयत्न करतो.

रंगूबाईला वाचता येत होतं. त्या काळी सोनारआळीत ही सांगायची गोष्ट नव्हती, त्यामुळे लग्न ठरताना तिच्या माहेरच्यांनी ती सांगितलीही नव्हती. तिचे वडील ठाण्याला शिक्के आणि मोहरा कोरायचे. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत पितळेचा भुगा अडकतो, तो सुईने काढायचं काम लहानपणी तिच्याकडे असे. शिक्क्यावर अक्षर उलटं असतं. म्हणून पहिली सगळी अक्षरं ती उलटीच शिकली, आणि तीसुद्धा डोळ्यांआधी बोटांनी. पुढे मेणावर शिक्का दाबून बघताना तिला कळलं की जगात अक्षरं दुसऱ्या बाजूने वाचतात.

कलावती उशिरा बोलायला लागली होती, आणि बोलायला लागल्यावरही फार बोलत नसे. तिला सांगितलेलं तिच्या डोक्यात राहत नसे. चार वार सलग म्हणून घेतले की तिसऱ्यापाशी ती खिडकीबाहेर बघू लागे. गावातल्या मुलींच्या शाळेत तिला आठ दिवस बसवलं. नवव्या दिवशी मास्तरांनी सहदेवला बोलावून, मुलगी अजून लहान आहे, पुढल्या वर्षी बघू, असं सांगितलं. ते चांगल्या शब्दांत सांगितलं होतं, पण घरी आल्यावर सहदेवची आई ठमाबाई म्हणाली की पोर मंद आहे, आणि हे शाळेत पाठवून गावाला कळवायची काही गरज नव्हती.

रंगूबाईला ते पटलं नाही. तिने एक गोष्ट पाहिली होती. दुकानात मेणाचे तुकडे पडलेले असत, त्यांवर कलावती वडिलांचे ठसे दाबत बसे. एकदा दहा-बारा ठसे डबीत एकत्र झाले होते. सहदेवला त्यांतला वेलबुट्टीचा हवा होता. कलावतीने डबीत हात घातला आणि न बघता तोच काढून दिला. जे तिच्या हातातून गेलं ते तिच्याजवळ राहत होतं.

त्या दिवसापासून रंगूबाईने तिला हातांनी शिकवायला घेतलं. तांब्याच्या तारेचे उरलेले तुकडे वाकवून तिने अक्षरं केली आणि लाख तापवून ती फळीवर बसवली. कलावती डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवी. आधी ग, मग म, मग भ, जी एकमेकांसारखी ती जवळजवळ. खाडीकाठची चिकण माती आणून तिच्या वळ्या करायच्या आणि त्यांची तीच अक्षरं पाटावर मांडायची. स्वयंपाकघरातली मापं होतीच. दोन चिपटी वाळू ओतली की मापटं भरतं आणि दोन मापट्यांनी शेर, हे कलावतीने एका सकाळी ओतून ओतून स्वतःच शोधलं. ओतताना ती मोठ्याने मोजत होती. ठमाबाईने ते माजघरातून ऐकलं. पिशवीत सुपारी, शिंपला, चिंचोका, शंख, लोखंडाची कडी घालायची आणि हात घालून ओळखायचं, हा खेळ तर कलावतीला एवढा आवडे की ती तो जेवण सोडून खेळे.

मोजणीसाठी गुंजा होत्या. सोनं गुंजांनी तोलतात, त्यामुळे सोनाराच्या घरात त्यांना तोटा नसतो. लाल, काळ्या डोळ्याच्या, सगळ्या जवळपास सारख्या वजनाच्या. सुट्या गुंजा घरभर घरंगळत आणि मोजणी मोडे, म्हणून रंगूबाईच्या मनात आलं की दहा दहाच्या माळा कराव्यात. गुंज सुईला दाद देत नाही. सहदेवजवळ मोती विंधायचं गिरमिट होतं. दुपारचं काम आटपल्यावर त्याने हौसेने शंभर गुंजा विंधून दिल्या. मोत्यापेक्षा हे अवघड आहे, असं तो हसत म्हणाला. दहा माळा झाल्या. कलावती त्या खुंटीवर ओळीने टांगे, एक काढून घेई, नऊ मोजे, परत लावी. पंधरा दिवसांत तिला शंभरापर्यंत आकडे यायला लागले.

परसातल्या एका खोलीत तानाजी नावाचा सांधेवाला राहत होता. रेल्वेत रूळ बदलायचं त्याचं काम. साताऱ्याकडचा माणूस, शब्दांनी कमी. त्याची बायको मालन रंगूबाईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. त्यांना दोन मुली. गोदा सहा वर्षांची, रतन पावणेतीन. गोदा आपण होऊन येऊन बसू लागली आणि कलावतीपेक्षा झपाट्याने पुढे गेली. मालनला त्याचं कौतुक होतं. ती रोज गोदाला विचारी, आज काय केलंस, आणि गोदाने मातीचं अक्षर करून दाखवलं की ते मोडू न देता संध्याकाळपर्यंत चुलीच्या कडेला ठेवी. गोदाच्या मागे रतनही येई. ती कुठे बसत नसे, हिंडत असे. पिशवीतला शिंपला पळवी, वाळू सांडी. कधी कधी गुंजांची माळ गळ्यात घालून घरी जाई आणि मालन ती परत आणून देई. कुणाला त्यात काही वाटलं नाही. गुंजांच्या माळा जत्रेत विकायला असतात, पोरांच्या गळ्यात असतात. आणि पोरांनी गुंज गिळली तर ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बाहेर पडते, हे तर घराघरातल्या बायकांना माहीत होतं.

चैत्र संपत आला होता. एका सकाळी रतनला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत जुलाब. त्या दिवसांत खाडीपलीकडे एक-दोन ठिकाणी पटकीची लागण झाल्याचं ऐकू येत होतं, त्यामुळे आळीत लगेच तोच शब्द फिरला. पोरांना कुणी परसात फिरकू देईना. रंगूबाई मात्र मालनजवळ जाऊन बसली. पाणी उकळून दिलं, सुंठ उगाळून दिली. दुसऱ्या दिवशी जुलाबात रक्त पडायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रतन थंड पडली, आणि ऊन वर यायच्या आत गेली. तानाजीने तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खाडीकाठी नेलं. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. मालनला बायकांनी दारात धरून ठेवलं होतं.

वैद्यबुवा दोनदा येऊन गेले होते. जाताना पायऱ्या उतरत ते सहदेवला सहज म्हणाले की पटकी मी खूप पाहिली, पण पटकीत असं रक्त पडत नाही. रंगूबाईने ते ऐकलं, पण त्या गडबडीत तिने त्याचा काही अर्थ लावला नाही.

अर्थ लागला तो पाचव्या दिवशी. लागण झाल्यासारखं सगळं धुवायचं म्हणून तिने मुलींचा पसारा काढला. खुंटीवर माळा नऊच होत्या. दहावी फळीमागे सापडली. तिचा दोरा तुटलेला होता. सात गुंजा दोऱ्यात होत्या. जमिनीवर शोधलं तेव्हा एक अर्धी सापडली, दातांनी फोडल्यासारखी, आतून पिवळसर. बाकीच्या सापडल्या नाहीत.

दुपारी ती वैद्यबुवांकडे गेली. आपल्या घरातलं काही न सांगता तिने विचारलं की गुंज पोटात गेली तर काय होतं. म्हातारे वैद्य खलात काहीतरी घोटत होते. ते म्हणाले, अख्खी गेली तर काही नाही, तिचं कवच दगडासारखं असतं, पोटात फुटत नाही. फुटलेली किंवा दळलेली गेली तर विष. आम्ही औषधात घालतो तेव्हासुद्धा दुधात शिजवून घालतो.

रंगूबाईने विचारलं, "आणि भोक पाडलेली?"

वैद्यबुवांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "भोक म्हणजे कवच फुटलेलंच, बाई."

घरी आल्यावर तिने सहदेवला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि मधेच त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली घातले, लहान मूल घालतं तसे. मग तो म्हणाला की हे कुणाला बोलायचं नाही. रतन परत येणार नाही. तानाजी काय करील सांगता येत नाही. आळी आपल्याला सोनार म्हणून उभं करणार नाही, विष घालणारे म्हणेल. कलावतीचं लग्न व्हायचं आहे. रंगूबाईने यावर वाद घातला नाही. कलावतीबाई सांगत की आईने पुढे कधी वडिलांवर तो दोष टाकला नाही, कारण त्या दिवशी वडील जे बोलले तेच ऐकायला ती त्यांच्याकडे गेली होती.

नऊ माळा आणि उरलेल्या गुंजा तिने दुकानातल्या शेगडीत जाळल्या. शिकवणं बंद केलं. अक्षरांची फळी माळ्यावर टाकली. गोदा दोन दिवस दारात येऊन उभी राहिली, आणि रंगूबाईने तिला काम आहे म्हणून परत पाठवलं. तिला त्या मुलीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मालनला वाटलं, पटकीच्या घरातली पोर म्हणून सोनारीण तिला आत घेत नाही. तिने गोदाचं परसाच्या त्या बाजूला जाणं बंद केलं. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत आणि मालन खाली बघून जाई.

हे असं महिनाभर चाललं. कदाचित जन्मभर चाललं असतं. कलावतीबाई म्हणत, लोक धीराने खरं बोलतात असं नाही, कधी कधी खोटं धरून ठेवायची ताकद संपते.

तानाजीला पटकीचं पटत नव्हतं, कारण घरात दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं. तो शोधत शोधत एका गोष्टीपाशी येऊन थांबला होता. आदल्या रात्रीची आमटी मालनने सकाळी रतनला भातावर घातली होती. उन्हाचे दिवस. ती आंबली असणार. तो बायकोला मारत नव्हता. पण रोज जेवायला बसला की तो ताटाला नाक लावून वास घ्यायचा, मग जेवायचा. मालन ते बघायची. ती स्वतः जेवायची बंद झाली. केलेलं अन्न दोन घटकांत फेकून द्यायची आणि पुन्हा चूल पेटवायची. गोदा हे सगळं कलावतीला परसात लांबूनच सांगायची, आई मला सारखं विचारते, पोट दुखतं का, हेही, आणि कलावतीकडून ते रंगूबाईच्या कानावर जायचं.

वैशाखातल्या एका सकाळी रंगूबाई विहिरीवर गेली तेव्हा मालन डाव्या हाताने दोर ओढत होती. उजवा हात फडक्यात बांधला होता. रंगूबाईने विचारलं, तेव्हा मालनने सांगितलं की भाजला. चुलीवर पडला का, असं विचारल्यावर ती म्हणाली, पडला नाही. ज्या हाताने वाढलं तो हात आहे, म्हणून निखाऱ्यावर धरला.

रंगूबाईने घागर खाली ठेवली.

"मालन, रतन आमटीने गेली नाही."

मालनने दोर ओढायचा थांबवला.

"माझ्या गुंजांनी गेली. मोजायच्या माळेतल्या. आम्ही त्या विंधल्या होत्या, आणि विंधलेली गुंज विष असते हे आम्हाला माहीत नव्हतं. तिने चावलेली गुंज मला सापडली. वैद्यबुवांनाही विचारलं. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

मालनने विचारलं, "कवा गावली?"

"ती गेली त्याच्या पाचव्या दिवशी."

दोर मालनच्या डाव्या हातात तसाच होता.

"गुंजांचं तुमाला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "पर म्हैनाभर ठावं व्हतं."

एवढं बोलून ती घागर न घेताच आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी पाळी संपल्यावर तानाजी दुकानासमोर येऊन उभा राहिला. बरोबर कामावरचे दोघे होते. लोक जमले. तो ओरडला नाही. दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून त्याने एवढंच विचारलं की भोकं कुणी पाडली. रंगूबाई दारातून पुढे आली आणि म्हणू लागली की कल्पना माझी, माळा मी केल्या. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत सहदेव ऐरणीमागून उठला.

"भोकं मी पाडली," तो म्हणाला. "ह्याच हातांनी."

तानाजीने त्याच्या हातांकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता तो हात उचलणार. तो वळला आणि चालू लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि ते स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या चाळीत राहायला गेले. चार दिवसांनी एक हवालदार येऊन विचारपूस करून गेला. अपघात आहे असं लिहून घेतलं आणि त्या बाजूने गोष्ट मिटली.

आळीच्या बाजूने ती मिटली नाही. रंगूबाई हळदीकुंकवाला गेली की तिच्या हातचं घ्यायला बायका कचरत. कलावतीशी कुणी खेळेना. ठमाबाईने सुनेला तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण शेजारणींना ती सांगे की मी पहिल्यापासून नको म्हणत होते. कलावती पुन्हा गप्प झाली. आकडे विसरली नाही, पण मोठ्याने मोजत नसे. नुसती बोटं हलत.

आषाढाच्या सुमाराला रंगूबाईने एक गोष्ट सुरू केली. ती दुपारी कलावतीचा हात धरून बाहेर पडे आणि घरोघर जाई. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरी. दारातच उभी राहून सांगे की तुमच्याकडे ओवलेल्या गुंजा असतील तर काढून जाळा. अख्खी गुंज वेगळी आणि भोक पाडलेली वेगळी. कुणी विचारलं, तुम्हाला कसं माहीत, तर ती सांगे, माझ्याकडच्या माळेने मालनची रतन गेली. दर दारात ती हे नाव घेऊन सांगे. कलावतीबाई ही हकिगत सांगताना इथे नेहमी थांबत. त्या म्हणत, मला लाज वाटायची, मी तिचा हात सोडवायला बघायची, आणि ती सोडत नसे.

काहींनी माळा काढल्या. एका घरात बाईने मुलाच्या गळ्यातली माळ तिथेच तोडून रंगूबाईच्या पदरात टाकली. एकीने सांगितलं की तुमच्या घरचं ज्ञान तुमच्याच घरी ठेवा, आणि दार लावलं. रंगूबाई पुढच्या दारी गेली. शहाडकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांनाही ती बाजारात गाठून सांगायची. त्यातून तिला काही मिळत होतं असं नाही. निदान चेहऱ्यावर तसं दिसत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली. पौषातल्या एका दुपारी दारात मालन उभी होती. स्टेशनापासून चालत आली होती. बरोबर गोदा. मालनचा हात बरा झाला होता, पण दोन बोटं वाकडी राहिली होती. रंगूबाईने आत ये म्हटलं. मालन उंबऱ्याबाहेरच राहिली.

काय झालं होतं ते तिने तिथूनच सांगितलं. चाळीच्या भिंतीवर गोदाने कोळशाने काहीतरी रेघा ओढल्या होत्या. आठ दिवसांनी गोदा पुन्हा त्यांवर कोळसा फिरवताना दिसली, तेव्हा भिंत खराब करते म्हणून मालनने तिला धपाटा घातला. स्टेशनातला कारकून तिथून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, मारू नका, पोरीने रतन असं लिहिलंय. मालनला वाटलं, तो चेष्टा करतोय. मग त्याने एकेका अक्षरावर काठी ठेवून वाचून दाखवलं. मालन म्हणाली, ती गेल्यापासून तिचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. तानाजी घेत नव्हता, ती स्वतः घेत नव्हती. आणि ते भिंतीवर होतं, आठ दिवस, आणि ती त्याच्यासमोर भांडी घासत होती.

"हिला शिकवा," ती म्हणाली. "पर मी हितंच बसनार. तिच्या हातात द्याल ते आदी माज्या हातात द्यायचं."

रंगूबाई म्हणाली, "बरं."

त्याच दुपारी सहदेवने माळ्यावरून फळी काढून दिली. मालन उंबऱ्यावर बसली. फळी तिने हातात घेतली, वास घेतला, तारेचं एकेक अक्षर नखाने हलवून बघितलं, निघत नाही ना. मग ती गोदाकडे दिली. माती घेतली, चिमटीत चुरून बघितली, जिभेला लावली. पिशवी उपडी केली. चिंचोके बाजूला काढले आणि ठेवून घेतले. शंख लहान होता, तोही ठेवून घेतला. रंगूबाईने एकदाही म्हटलं नाही की हे मी आधीच बघितलंय. खरं म्हणजे तिने ते बघितलेलं होतं. आता ती कुठलीही वस्तू मुलांपुढे ठेवण्याआधी स्वतःच्या तोंडात धरून बघत असे, कलावतीने ते चोरून पाहिलं होतं.

आठवड्यातून तीन दुपारी मालन येऊ लागली. पावसात तरट डोक्यावर घेऊन, उन्हात पदर ओढून. असं तीन वर्षं. तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही आणि त्या घरचं पाणी प्यायली नाही. दोघी एकमेकींशी बोलत त्या कामापुरत्या. ही कडी गंजलीय. ही फळी घासून घ्या, कुसळं आहेत. रंगूबाई सांगितलेलं करून टाकी. तानाजीला बायको कुठे जाते ते ठाऊक होतं. तो अडवत नव्हता, पण त्या दुपारी तो घरी असला तर बाहेर निघून जाई.

शिकवण्याची रीत बदलली होती. बारीक बी काही राहिलं नव्हतं. मोजायला बोटभर लांबीच्या बांबूच्या कामट्या होत्या, टोकं घासून गोल केलेल्या, आणि मातीचे भाजलेले गोळे, मुठीत मावणार नाहीत एवढे. सहदेवने पितळी तारेची नवी अक्षरं करून दिली, हाताएवढी मोठी. कलावती हळूहळू बोलायला लागली. गोदापुढे तिला लाज नव्हती. गोदा वाचायची आणि कलावती तेच अक्षर मातीत घडवायची, अशी दोघींची जोडी लागली. पुढे आळीतल्या दोन-तीन मुलींना त्यांच्या आया आपण होऊन घेऊन आल्या. मालन उंबऱ्यावर बसते, तिच्या हातून सगळं जातं, हे पाहूनच त्या आल्या होत्या. कोणी तसं बोललं नाही, पण रंगूबाईला ते कळत होतं.

एका दुपारी गोदा मोठी जोडाक्षरं लावत होती आणि एका ठिकाणी अडली. ती फळीकडे बघत राहिली. रंगूबाई सांगणार, तेवढ्यात उंबऱ्याकडून हलक्या आवाजात बरोबर उत्तर आलं. मालन खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तीन वर्षं प्रत्येक अक्षर आधी तिच्या हातातून गेलं होतं. रंगूबाईने मान वळवली नाही. गोदाने मात्र आईकडे असं पाहिलं की मालन चिडली आणि म्हणाली, कामाकडं बघ.

१८८५ च्या सुरुवातीला तानाजीची बदली इगतपुरीला झाली. मालन हे सांगायला आली तेव्हा गोदा बरोबर नव्हती. रंगूबाईने मोठ्या अक्षरांची फळी कापडात बांधून ठेवली होती. मालनने गाठोडं सोडलं, सगळी अक्षरं तपासली आणि पुन्हा बांधून काखेत घेतलं. निघताना ती थांबली.

"कुनी इचारलं तर मी माफ केलं आसं सांगू नगा," ती म्हणाली. "मी पोरीला शिकीवलं, इतकंच."

रंगूबाई म्हणाली, "नाही सांगणार."

मालन पायऱ्या उतरून गेली. ती नाक्यापर्यंत जाईतो रंगूबाई दारात उभी होती. मालनने वळून बघितलं नाही.

रंगूबाई त्यानंतर बारा वर्षं जगली. आळीतल्या लहान मुलींना शेवटपर्यंत शिकवत होती, एका वेळी चार-पाच, जास्त नाहीत, कारण तेवढ्यांच्याच हातांवर आपली नजर राहते असं ती म्हणे. कलावती चौदाव्या वर्षी लग्न होऊन ठाण्याला गेली आणि सासरी घरातली पत्रं तीच लिहू लागली. इगतपुरीकडून कधी काही कळलं नाही. गोदाचं लग्न झालं असेल, मुलं असतील. कुणी रंगूबाईकडे त्या दिवसांचा विषय काढला आणि मालनबद्दल विचारलं, तर ती विषय टाळत नसे. पण सांगे एवढंच, की गोदा हुशार होती, आणि तिची आई रोज चालत यायची.